आत्याच्या मशीनमधलं कुंकू

स्वतःच्या पैशानं विकत आणलेल्या वस्तूचं झाकण काढताना तुमचे हात चोराच्या हातांसारखे का होतात?

हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला. नीट उत्तर आलं नाही, म्हणून तुम्हाला विचारते आहे. टीव्हीच्या पाठीमागे, मोबाइलच्या बॅटरीखाली, कसल्याशा डबीच्या फटीवर एक बारीक चंदेरी पट्टी चिकटवलेली असते. नखानं तिचा कोपरा उचकटला की आत धस्स होतं. कुणी पाहिलं तर नाही ना? घर आपलं, वस्तू आपली, नख आपलं. मग आपल्याला पकडणारा तो कोण असतो?

बांधावर कारळ्याची पिवळी फुलं दिसू लागली की मला ते धस्स होणं आठवतं. ही फुलं नवरात्रात घटावरच्या माळेसाठी लागतात. पाऊस परतीला लागलेला असतो. मक्याची कणसं खुडून झालेली असतात, बाजरीवर पाखरांचे थवे उतरतात, आणि शाळूची पेरणी साधायची म्हणून माणसं वापशाकडे, म्हणजे रान पेरण्याजोगं सुकण्याकडे, डोळे लावून बसतात. आमच्या पिंपळगाव रेणुकाईत या दिवसांना दोन वास असतात. देवळाच्या वाटेवर ऊद-धूप, आणि बाजाराच्या अंगानं मिरचीचा ठसका. दोन्ही एकाच वाऱ्यावर येतात. लहानपणी मला वाटायचं, देवीलाच मिरचीचा ठसका लागतो आणि म्हणून पहाटे सगळ्या बायका तिची चौकशी करायला जातात.

आम्ही राहायचो बदनापूरला. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथून रोज रेल्वेनं जालन्याला नोकरीला जायचे आणि येताना पिशवीतून पत्रकं आणायचे. पाण्याच्या हक्काची पत्रकं, हुंड्याविरुद्धची, अंगात येण्याविरुद्धची, खताच्या भाववाढीविरुद्धची. ओल्या शाईचा वास आमच्या घराला कायमचा होता. मी अक्षरं लावायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळं मला वाक्यं बोलताही येत नव्हती तेव्हापासून मागण्या करता येत होत्या, असं आई म्हणते. नवरात्र आलं की आम्ही एसटीनं भोकरदनवरून गावी जायचो. तिथं अण्णांचा धाकटा भाऊ नामाकाका शेती बघायचा, आणि दोघांची थोरली बहीण कौसाआत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती माघारी आली ती तिथलीच झाली. मिरचीच्या तोड्याला जायची, घरी शिलाई मशीनवर गावच्या बायकांचे ब्लाउज शिवायची, आणि नवरात्रात देवळात गाणी सांगायची.

सांगायची म्हणजे काय, ते समजावून देते. पहाटेची आरती झाली की बायका सभामंडपात बसतात. एकजण ओळ सांगते, बाकीच्या ती झेलतात. त्यांचं झेलून संपलं की पहिलीनं पुढची ओळ उचलायची. जरा आधी उचलली तर दोन ओळी एकमेकींच्या पायात येतात, जरा उशिरा उचलली तर गाणं खाली पडतं. ओळ सांगणारीचा गळा कसाही असला तरी चालतो, कान चांगला लागतो. आणि आमच्या आत्याचे कान एका तापात गेले होते, मी शाळेत जायच्याही आधी.

तिचं नवरात्र चालायचं ते कानाच्या मशीनवर. अण्णांनी जालन्याहून आणलेली ती एक चपटी डबी होती, काडेपेटीपेक्षा जरा मोठी. आत्यानं प्रत्येक ब्लाउजला आतून एक खिसा शिवला होता, त्यात डबी बसायची. तिथून एक तार पदराखालून वर कानात. आम्ही पोरं तिला टेलिफोनवाली आत्या म्हणायचो. ती चिडायची नाही. डबीवर बोट ठेवून म्हणायची, "बोला, कोन बोलून राह्यलं?" मिरचीच्या रानातून आली की आधी हाताला गोडं तेल चोळायची, मग ताकानं धुवायची, तरी कधी विसरून तशाच तिखट हातानं कानातलं बोंडुक नीट करायची आणि मग कान लाल करून ओसरीवर येरझारा घालायची. "देवानं ऐकू देलं, पण तिखट लावून देलं," असं म्हणायची आणि स्वतःच हसायची.

मिरचीची धूळ, घामाचं मीठ, लुगड्याचा तंतू. हे सगळं त्या डबीत साचायचं. वर्षातून एकदा ते निघायचं, खंडेनवमीला.

आमच्या घरात खंडेनवमीचा एक नियम होता. दुसऱ्या घरांत कसं करतात ठाऊक नाही, पण आमच्याकडे बंद हत्याराला हळद लागत नसे. पाटावर ठेवायचं ते आधी उघडायचं, आतून पुसायचं, तेलपाणी करायचं, पुन्हा जोडायचं, मगच हळदकुंकू. विळे-खुरप्यांच्या मुठी काढून घासल्या जायच्या. फवारणीचा पंप खोलून त्याचं कातडी वायसर बदललं जायचं. मोटारीचा स्टार्टर, आत्याची शिलाई मशीन, रेडिओ, आणि शेवटी आत्याचं कानाचं मशीन. सकाळपासून ओसरीवर गोणपाट अंथरलेलं असायचं, आणि त्यावर घराची सगळी यंत्रं पोट उघडं टाकून पडलेली असायची.

काका काही मोठा कारागीर नव्हता. कुणाकडून शिकला नव्हता, हात लावून लावून त्याला जेवढं कळलं तेवढं कळलं. त्यानं जोडलेल्या रेडिओचा काटा एका गावावर असायचा आणि आवाज दुसऱ्याच गावाचा यायचा. दरवर्षी काही ना काही उरायचं.

"नाम्या, औंदा कितीक स्क्रू उरले?" अण्णा पेपरातून डोकं काढून विचारायचे.

"दोनच. मागल्या साली तीन उरल्ते. सुधारून राह्यलो मी."

"बिगर स्क्रूचा रेडिओ चालतो कसा?"

"त्याच्यात कंपनीनंच जास्तीचे टाकेल असतेत. आपल्यासारख्यासाठी."

अण्णा पूजाअर्चा मानत नसत. पिशवीत अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं आणि ओसरीवर हळदीची वाटी, यात त्यांची दरवर्षी ओढाताण व्हायची. "मी हळदीला मानत न्हाई," ते सांगायचे. "नको मानू," काका म्हणायचा. "पुसायचं फडकं तर धरशील?" आणि अण्णा फडकं धरायचे. मला आज वाटतं, त्या गोणपाटावर दोन भावांची जी गाठ पडायची ती दुसरीकडे कुठंच पडत नव्हती. एकाला यंत्रात देवी दिसायची, एकाला ज्ञान दिसायचं, आणि दोघांच्याही मते ते बघायला झाकण काढावं लागत होतं.

डबी उघडायची वेळ आली की आत्या समोर येऊन बसायची. डबी काकाच्या हातात गेली की तिचं जग बंद. चेहऱ्यावर एक समजूतदार, जरा घाबरलेलं हसू. काका मागचे स्क्रू काढायचा, जुन्या रंगाच्या ब्रशनं धूळ झटकायचा. तार जिथं डबीत शिरते तिथं ती दरवर्षी ढिली झालेली असायची. चुलीत तापवलेल्या खिळ्यानं काका तिला कथलाचा डाग द्यायचा. एकदा डाग चुकीच्या जागी पडला आणि आत्याला काहीच ऐकू येईना. काकानं झाकण पुन्हा काढलं, डाग खरवडला, दुसरा दिला. ती चूक एवढीच होती. चूक समोर दिसत होती, तिच्यापर्यंत पेचकस पोहोचत होता, आणि दुपारच्या पुरणपोळीच्या आत ती मिटली. मग डबी कानाशी लागायची आणि आत्या मान डोलवायची. "हां, आता बराबर. चुलीवरचं दूध ऊतू चाललं बघा." ते खरंच ऊतू चाललेलं असायचं.

मी मोठी झाले. अण्णांची पत्रकं आता मी लिहू लागले. सभांना जाऊ लागले, माईकवर बोलू लागले. गाव बदललं. मिरचीच्या रानात ठिबकच्या नळ्या आल्या, पोरांच्या खिशात मोबाइल आले. आणि एका नवरात्राच्या तोंडावर आत्याची डबीही बदलायचं ठरलं. जालन्यात एका दुकानावर फलक होता, जुनं द्या आणि नवं न्या. अण्णांनीच ते मशीन निवडलं. कानामागे बसणारं, काजूसारखं वाकलेलं, तार नाही, डबी नाही. जुनी डबी काउंटरवरच्या खोक्यात गेली. त्या खोक्यात तिच्यासारख्या आणखी कितीतरी डब्या होत्या, त्यांच्या तारा एकमेकींत गुंतल्या होत्या. आम्ही कुणी त्याकडं दोनदा पाहिलं नाही.

नवं मशीन चांगलं होतं. ते चांगलं होतं हे लिहिलं नाही तर माझं लिहिणं खोटं पडेल. दुकानातून बाहेर पडताच आत्या थबकली आणि म्हणाली, "माझ्या बांगड्या वाजून राह्यल्या." तिनं हात हलवून पुन्हा ऐकलं. एसटीत ती कंडक्टरच्या पिशवीतली चिल्लर ऐकत बसली. देवळात पहिल्या पहाटे गाणी संपवून घरी आली ती तणतणत. "ती मागं बसती ना शेवंता, ती इतक्या सालांपासून उलटीच ओळ म्हणून राह्यली. आन् तुम्ही सगळे गप. मला कोनी सांगावं का न्हाई?"

त्याच नवरात्रात खंडेनवमी आली. गोणपाट अंथरलं गेलं. सगळं उघडून झालं, आणि आत्यानं कानामागचं मशीन काढून काकाच्या तळहातावर ठेवलं. स्क्रू कुठंच नव्हते. नुसती एक केसाएवढी फट आणि तिच्यावर चंदेरी पट्टी.

"हे काय?" काकानं विचारलं. "बिल्ला हाये का शोभेचा?"

मी ते हातात घेतलं. बारीक इंग्रजी अक्षरं होती. मी वाचलं आणि हसले. "उघडू नका म्हणतात. आपली वस्तू आहे काका, यांना काय करायचंय?"

अण्णा म्हणाले, "जरा उजेडाकडं धर. ब्लेडनं हळू घे."

आईनं कुंकवाचा करंडा पुढं सरकवला. आत्या नेहमीसारखं हसत बसली होती, ऐकू येत नव्हतं, पण आमच्यावर भरवसा होता. काकानं श्वास रोखून ब्लेड फिरवलं. पट्टी फाटली, कवच दुभंगलं. आत पुसण्यासारखं फारसं काही नव्हतं, तरी त्यानं ब्रश फिरवला. मग, वरून लावलं तर घामानं पुसलं जाईल म्हणून, आतल्या बाजूनं, अगदी कडेला, हळदीचा एक ठिपका आणि कुंकवाचा एक ठिपका. दाबून बंद केलं. आत्यानं कानामागे लावलं, मान डोलवली. "बराबर."

दिवाळी झाली, संक्रांत झाली, आत्या ऐकत होती. होळीला आम्ही सगळे गावी जमलो असताना एके सकाळी मशीन बंद पडलं.

जालन्याच्या त्या दुकानात आम्ही तिघं गेलो, आत्या, काका आणि मी. काउंटरवरच्या माणसानं डोळ्याला भिंग लावून मशीन फिरवून पाहिलं. मग कवचाची फट नखानं जरा रुंदावली आणि भिंग तसंच ठेवून म्हणाला, "हे कुणी उघडलं?"

काकानं दोन्ही हात मागे घेतले.

"आत कुंकू आहे," तो म्हणाला.

दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. कुणीतरी हसलं. आणि माझी मान खाली गेली. मी, जी तालुक्याच्या कचेरीसमोर उभी राहून साहेबांना नावानिशी जाब विचारायची, ती त्या काउंटरसमोर पकडल्यासारखी उभी होते. घशात एक वाक्य आलं नाही. मला आजही सर्वांत जास्त बोचतं ते हे. उघडल्याचं मला काही वाटत नाही. मान खाली का गेली, ते मला कळत नाही.

आत्या आमच्या तोंडांकडे बघत होती. "काय म्हनतेत?" तिनं काकाला विचारलं.

बहिऱ्या माणसाशी हळू बोलता येत नाही. तिला सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार होतं, सगळ्या दुकानासमोर. काकानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा दाराकडं. मग तो तिच्या कानाशी वाकला आणि मोठ्यानं ओरडला, "मी उघडलं म्हनून! माझ्यामुळं बिघडलं म्हनतेत, अक्का!"

आत्यानं ते ऐकलं. जरा विचार केला आणि तिच्या त्या मोठ्या, बेसूर झालेल्या आवाजात म्हणाली, "मंग? दरसाली उघडतोस की."

माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून इतकं सरळ वाक्य मी लिहिलेलं नाही. पण ते त्या काउंटरवर चाललं नाही. काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता. त्यानं आत्याला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. "ताई, पट्टी फाटली की गॅरंटी गेली, हे मी नाही म्हणत, कंपनी म्हणते," तो मला म्हणाला. "आणि खरं सांगू का, पट्टी शाबूत असती तरी मी दुरुस्त केलं नसतं. याचे पार्टच येत नाहीत. अख्खं बदलूनच येतं."

"मग हे?"

"हे टाकूनच द्यायचं."

नवं घेण्याइतकी ऐपत तेव्हा घराची नव्हती, आणि जुनी डबी कधीच त्या खोक्यात गेली होती. आम्ही परत निघालो. एसटीत आत्या खिडकीशी बसली होती. रस्त्यानं बैलगाडी गेली, मोटारसायकल गेली, ती नुसतं बघत होती. काका मागच्या सीटवर बसला. जागा पुढंही होती.

घरी आल्यावर जे झालं ते मी विसरू शकत नाही. सगळ्यांनी गुन्हा कबूल करायला सुरुवात केली. काका म्हणाला, ब्लेड माझं. अण्णा म्हणाले, मशीन मी निवडलं, जुनी डबी मी देऊन टाकली. आई म्हणाली, कुंकू मी दिलं, तेच आत गेलं असंल. मी म्हणाले, वाचूनही मीच उघडा म्हणाले. आणि आत्या, जिला यातलं काही ऐकू येत नव्हतं, आमचे पडलेले चेहरे बघून म्हणाली, "माझ्यापायी तुमचा सगळ्यांचा खर्चा व्हतो बाई." घरात पाच माणसं आणि पाचही जण अपराधी. ज्यानं ती फट कायमची चिकटवायचं ठरवलं, तो तेवढा या घरात कुठंच नव्हता. त्याला आमची नावंही ठाऊक नव्हती. त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्याला त्या रात्री चांगली झोप लागली असणार.

पुढं काही दिवसांनी काकानं ते मशीन पत्रा कापायच्या ब्लेडनं पूर्ण कापलं. आत सर्किटची एक नखाएवढी चकती होती, आणि तिच्यावर डांबरासारखा एक काळा कडक थेंब. सगळ्या बारीक तारा त्या थेंबात शिरून नाहीशा होत होत्या. काकानं तो खरवडला, तर तारा तुटल्या. "याच्यात चूक कुठं झाली ते बी दिसत न्हाई," एवढंच म्हणाला.

मला प्रामाणिक राहायचं आहे. काकाच्या ब्रशनंच ते मशीन गेलं असेल. कुंकवाची भुकटी आत गेली असेल. इतक्या लहान वस्तूत घाम शिरू नये म्हणून ती घट्ट बंद करावी लागत असेल, हेही मी समजू शकते. पण मग ती बंद ठेवण्यामागं घामाचीच काळजी असती, तर बिघडल्यावर उघडणारा कुणीतरी त्यांनी नेमला असता. दुकानदाराला पार्ट दिले असते. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी नुसती पट्टी लावली. आणि काकाच्या मनात आज जो प्रश्न आहे, माझ्या हातून बहिणीचे कान गेले का, त्याचं उत्तर त्या काळ्या थेंबात आहे आणि तो थेंब बोलत नाही. बंद वस्तूनं त्याचा गुन्हा सिद्धही होऊ दिला नाही, आणि त्याला मोकळंही केलं नाही. जुन्या डबीत त्याच्या हातून कितीदा चुका झाल्या, पण त्यातली एकही त्याच्या अंगावर राहिली नव्हती. ही एक राहिली.

त्यानंतरच्या नवरात्रात आत्या देवळात गेली. जाऊ नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. पहिल्या दिवशी तिनं ओळ सांगितली, बायकांनी झेलायला घेतली, आणि त्यांची अर्धीही झाली नसताना तिनं पुढची उचलली. दोन ओळी एकमेकींवर आदळल्या. बायका थांबल्या. आत्याला थांबल्याचंही कळलं नाही, ती डोळे मिटून पुढं म्हणतच राहिली. मग तीच शेवंता, उलटी ओळ म्हणणारी, मागून उठून आली आणि तिच्याशेजारी बसली. तिनं आत्याच्या गुडघ्यावर तळहात ठेवला. बायकांची ओळ संपली की हलकेच दाबायची. आत्या ते दाबणं ओळखून पुढची ओळ घ्यायची. असं नवरात्र पार पडलं. काका देवळात आला नाही. तो बाहेर रस्त्यावर, चपलांच्या ढिगाशी उभा राहायचा. तिथून गाणं ऐकू यायचं, ते त्याला टाळता येत नव्हतं, आणि सोडूनही जाता येत नव्हतं.

खंडेनवमीला गोणपाट अंथरलं गेलं नाही. काकानं सगळी हत्यारं तशीच, बंद, पाटावर मांडली आणि वरून हळद लावली. स्टार्टर बिघडला तर तो भोकरदनला पाठवू लागला. आत्याच्या शिलाई मशीनचा धागा तुटू लागला, त्यानं हात लावला नाही. "माझ्या हातात यश न्हाई पोरी," मला म्हणाला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखे दोन्ही हात मागे बांधून उभा.

मी इतकी वर्षं समजत होते की अन्याय म्हणजे काहीतरी हिसकावून घेणं. पाणी हिसकावणं, जमीन हिसकावणं, मजुरी बुडवणं. त्यावर लिहायला मला शब्द कमी पडले नाहीत. पण एखाद्याला त्याच्याच घरात, त्याच्याच वस्तूसमोर गुन्हेगार करून टाकणं, आणि तेही इतक्या अलगद की त्यानं स्वतःच स्वतःला शिक्षा द्यावी, याला काय म्हणायचं ते कुठल्या पत्रकात मी वाचलं नव्हतं. म्हणून त्या दिवशी काउंटरवर मला वाक्य सुचलं नाही. आणि खिशात माझ्याही मोबाइलवर तीच पट्टी होती. आजही आहे. हे लिहिताना ती माझ्या टेबलावर आहे, आणि मी तिला हात लावलेला नाही.

मधे एका सरकारी शिबिरात आत्याला पुन्हा मशीन मिळालं. जुन्या तऱ्हेचं, खिशातली डबी, पदराखालून तार. दिसायला बोजड, आवाज जरा पत्र्यासारखा, पण ऐकू येतं. मागे स्क्रू आहेत. ते दिसले तेव्हा मला भरून आलं. वाटलं, झालं, आता सगळं जागेवर येईल. गेल्या खंडेनवमीला आत्यानं स्वतः पेचकस शोधून आणला आणि काकासमोर ठेवला. काकानं तो उचलून बाजूला ठेवला आणि बंद डबीवर हळद लावली.

यंदा ती तार ढिली झाली आहे. आत्यानं निरोप पाठवला, आवाज येतो-जातो, खरखर होते. परवा गावी गेले तेव्हा काका ओसरीवर शेंगा फोडत बसला होता. मी म्हणाले, "काका, तार तेवढी बघा ना." तो म्हणाला, "दुकानात ने बाई. जल्दी ने. नवरात्र आलं."

आत्या दारात उभी होती. आमचे ओठ तिनं वाचले असावेत. ती त्याच्यापुढं जाऊन बसली आणि बोलली ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "नामा, तू उघडलं त्याचा मला राग न्हाई. कधीच नव्हता. तू आता काहीच उघडीत न्हाईस ना, त्याचा राग हाये. माझी मशीन दोन सालांपासून गंजून राह्यली. कंपनीनं माझा कान नेला. तुझे हात तू कामून देऊन टाकले?"

काका शेंगा फोडायचा थांबला, एवढंच. आत्यानं डबी खिशातून काढून त्याच्याजवळ ठेवली आणि आत निघून गेली, तिच्या शांततेत. मी निघाले तेव्हा डबी तिथंच होती. काकाही तिथंच होता. तो तिच्याकडं बघत होता, हात लावत नव्हता.

खंडेनवमीला मी पुन्हा जाणार आहे. काका ती डबी उघडेल की नाही, मला माहीत नाही. उघडली आणि डाग चुकला, तर या नवरात्रात आत्याला पुन्हा शेवंताच्या तळहातावर गावं लागेल, हे त्यालाही कळतं आणि मलाही. तरी त्यानं ती उघडावी असं मला वाटतं. चुकला तर पुन्हा खरवडता येईल, असं ते झाकण आहे.

तुमच्याकडे माझी मागणी आहे, पत्रकातल्यासारखीच, आणि ती तुम्ही करायची आहे. यापुढं कुठलीही वस्तू घ्यायला दुकानात जाल, तेव्हा भाव विचारण्याआधी विचारा की हे उघडतं कसं, आणि बिघडलं तर याचे भाग कुठं मिळतात. मोठ्यानं विचारा, बहिऱ्या माणसाला सांगतो तेवढ्या मोठ्यानं, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं. उत्तर येईपर्यंत काउंटरवरून हलू नका. उत्तर आलंच नाही, तर वस्तू खाली ठेवा. माझी मान तिथं खाली गेली होती, तुमची जाऊ देऊ नका.

आणि तुमच्या घरात असा कुणी असेल, ज्यानं अशाच एखाद्या फाटक्या पट्टीपायी पेचकस कायमचा खाली ठेवला आहे, तर या आठवड्यात एक बिघडलेली वस्तू घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसा. फडकं तुम्ही धरा. तो नको म्हणेल. तरी उठू नका.